पाल, बिऱ्हाड आणि कॅरॅव्हॅन

पदव्युत्तर वर्गाच्या उपयोजित मराठीच्या तासाला भाषांतराचा सराव म्हणून आम्ही दरवर्षी एखादा शासकीय मजकूर देतो. यंदा महाराष्ट्र शासनाच्या २०२१ सालच्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणाविषयीचा एक इंग्रजी परिच्छेद दिला होता. मजकूर तसा सोपा होता. ज्यांत निजण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय आहे अशी वाहने पर्यटकांना उपलब्ध व्हावीत आणि ती उभी करण्यासाठी पाणी, वीज व रस्ता असलेल्या जागा विकसित व्हाव्यात, एवढाच त्याचा आशय. 'कॅरॅव्हॅन पार्क' या शब्दाशी मात्र वर्ग अडखळला. बहुतेकांनी 'कॅरॅव्हॅन उद्यान' असे लिहिले, दोघांनी 'विशेष वाहनतळ', आणि एका विद्यार्थिनीने 'पाल टाकायची जागा'. उत्तर वाचून दाखवताच वर्ग हसला. आमच्यापैकी जी तास घेत होती तीही हसली. असे का लिहिले, असे विचारल्यावर ती मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, गाडी उभी करायची, पाणी भरायचं, सैपाक करायचा, रात काढायची. मग पालच झालं की ते."

त्या शब्दाला आम्ही गुण दिले नाहीत. पुढे कितीतरी दिवस विभागात चहाच्या वेळी तो शब्द निघत राहिला, आणि दरवेळी तो आम्हांला अधिकाधिक बरोबर वाटू लागला. हा लेख त्या चर्चेतून झाला आहे.

आधी शब्दाविषयी. 'कॅरॅव्हॅन' हा मूळचा फारसी 'कारवान'. वाळवंटातून एकत्र चालणाऱ्या माणसांची व जनावरांची रांग, हा त्याचा अर्थ. हैदराबादेत कारवान नावाची जुनी वस्ती आहे, आणि १९४८ पर्यंत आमचे लातूर निजामाच्याच राज्यात होते. म्हणजे हा शब्द आम्हांला इंग्रजीतून शिकण्याची गरज नव्हती. युरोपात गेल्यावर त्याचा अर्थ आक्रसला. रांगेचा शब्द एका झाकलेल्या गाडीसाठी वापरात आला, आणि त्याचेच शेपूट तोडून 'व्हॅन' झाला. आमच्या बाजूला याच अर्थाचा शब्द होता 'तांडा'. लमाणांचे बैल धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरत, ती चालती लदेणी म्हणजे तांडा. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या, लदेणी बुडाली, आणि तांडा जिथे थांबला तिथेच राहिला. आज कंधार, मुखेड, किनवट किंवा जळकोटच्या नकाशावर 'तांडा' म्हणजे गावाबाहेरची, बहुधा चढावरची, न हलणारी वस्ती. एका शब्दाला तिकडे चाके आली आणि त्याच्या इकडच्या भावंडाची चाके गेली. आमच्या मते अर्थपरिवर्तनाच्या प्रकरणात पाठ्यपुस्तकांतील नेहमीच्या उदाहरणांऐवजी ही जोडी शिकवावी.

शब्दाचा माग काढता काढता वाहनांविषयी वाचणे आलेच, आणि तेथे देशागणिक इतका फरक दिसला की आम्हांला कौतुक वाटले. जर्मन भाषा ओढून न्यायच्या घराला 'वोनवागेन' आणि स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या घराला 'वोनमोबिल' म्हणते. दोन्हींत 'राहणे' हे क्रियापद आहे. फ्रेंच माणूस दुसऱ्या प्रकाराला 'कॅम्पिंग-कार' म्हणतो, म्हणजे दोन्ही शब्द इंग्रजी, पण इंग्रज असे म्हणत नाही. जपानीतही हाच शब्द रुळला आहे. आकारांतील फरक तर थेट कायद्यातून आलेला. युरोपात साध्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचेच वाहन चालवण्याची मर्यादा दीर्घकाळ राहिली, म्हणून तिथले फिरते घर आटोपशीर, प्रत्येक किलो मोजून बांधलेले. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत साध्या परवान्यावर बसएवढे घर हाकता येते. मुक्कामी पोहोचल्यावर त्याच्या भिंती बाहेर सरकतात आणि आत दिवाणखाना होतो. जपानात साडेतीन मीटरांहूनही आखूड आणि ६६० सीसी इंजिनाच्या छोट्या गाडीत दोन माणसांचे अंथरूण बसवतात, आणि १९९३ पासून सुरू झालेल्या 'मिची-नो-एकी' नावाच्या रस्त्याकडेच्या थांब्यांवर विसावतात. जर्मनीत गाडी हाकण्याइतकी ताजगी परत यावी म्हणून रस्त्याकडेला एक रात्र वाहनात झोपण्याची मुभा आहे. निद्रेला इतक्या गंभीरपणे घेणारा नियम आम्ही दुसरा पाहिला नाही. न्यूझीलंडने २०२३ च्या कायद्याने आणखी पुढची पायरी गाठली. ज्या वाहनाला 'स्वयंपूर्ण' असा दाखला हवा त्यात शौचकूप पक्का बसवलेला असलाच पाहिजे. या शेवटच्या नियमाकडे आम्ही पुढे परत येणार आहोत.

परंतु वाचता वाचता लक्षात आले की, देशादेशांतला हा फरक वरवरचा आहे. खरा फरक प्रत्येक देशाच्या पोटात आहे. चाकांवर राहणाऱ्यांचे सर्वत्र दोन वर्ग आहेत, आणि त्यांच्यासाठी दोन शब्द, दोन कायदे आणि दोन प्रकारच्या जागा आहेत.

इंग्लंडचे उदाहरण घ्यावे. हौसेखातर बांधलेले तिथले पहिले प्रसिद्ध कॅरॅव्हॅन १८८५ सालचे. ते विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाने बांधून घेतले. हे गृहस्थ नौदलातले डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहीत. दोन घोड्यांची गाडी, आत उंची लाकूडकाम, आणि रस्त्यावरच्यांना सावध करायला पुढे तीनचाकी सायकलवर नोकर. स्वतःला ते 'जंटलमन जिप्सी' म्हणवीत. कल्पना कोणाची उचलली हे त्यांनी लपवले नाही, हे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. रोमानी लोक घोड्याच्या गाडीत आधीपासून राहतच होते. पुढे १९०७ मध्ये हौशी मंडळींचा कॅरॅव्हॅन क्लब निघाला आणि वाढला. रोमानींच्या वाट्याला काय आले? १९६० च्या कायद्याने त्यांचे जुने तळ बंद पडू लागले. १९६८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर त्यांना जागा देण्याची जबाबदारी टाकली, ती १९९४ मध्ये काढून घेतली, आणि २०२२ मध्ये तर परवानगीविना दुसऱ्याच्या जमिनीवर वाहनासह वस्ती करणे हा फौजदारी गुन्हा होऊन वाहन जप्त करण्याची तरतूद आली. वाहन म्हणजे तिथे घरच. फ्रान्सने १९१२ साली फिरस्त्यांना मापे आणि बोटांचे ठसे असलेली वही बाळगायला लावली. तिचे पुढचे अवतार २०१७ मध्ये संपले. त्याच देशाने २००० साली पाच हजारांवर लोकसंख्येच्या गावांना फिरस्त्यांसाठी तळ ठेवण्याचे बंधन घातले, हेही नोंदवायला हवे. एकाच रस्त्यावरून दोन गाड्या जातात. एकीला पाहून लोक हात हलवतात, दुसरीला पाहून पोलिसांना फोन करतात. गाडीच्या बांधणीत तसे फारसे अंतर नसते.

अमेरिकेविषयी आम्हांला जे कळले ते मात्र अगदी घरातले निघाले. जेसिका ब्रूडर यांचे 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ चे. त्यावरच्या क्लोई झाओ यांच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. घर गमावलेली, निवृत्तिवेतन न पुरणारी साठी-सत्तरीची माणसे मोटारघरात राहून हंगामी कामामागे देशभर फिरतात, त्यांची ही हकीगत. त्यातले एक काम साखरेचे आहे. शरद ऋतूत नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या बाजूला साखरबीटची काढणी होते, तेव्हा हे लोक आपापली घरे घेऊन तिथे जमतात. तिथले साखर कारखाने बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्याच सहकारी मालकीचे आहेत. लातूर-उस्मानाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या धाराशिवच्या वाचकाला यावर अधिक सांगायला नको. हंगाम, साखर, सहकार आणि घर घेऊन येणारा मजूर, सगळे तेच. फरक एवढाच की, तिथे हंगामापुरती उभी राहायची जागा वीज-पाण्याच्या जोडणीसह मिळण्याची प्रथा आहे. ते काम सोपे असते असे आम्ही म्हणत नाही. थंडीत बारा बारा तास उभे राहावे लागते, आणि पुस्तक वाचून कोणाला हेवा वाटणार नाही. पण रात्री नळ कुठे आहे हे त्यांना ठाऊक असते.

आता आपला रस्ता. दसऱ्यानंतर लातूरच्या रिंगरोडवर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहावे. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या. त्यांत बांबू, ताडपत्री, बाज, पत्र्याची पेटी, घागरी, धान्याची पोती, शेळी, झाकलेल्या डालग्यात कोंबड्या, आणि या सर्वांच्या वर माणसे. म्हातारी असते, तान्हे असते, शाळेचा गणवेश घातलेली मुलेही असतात, कारण तोच कपडा त्यातल्या त्यात धड असतो. बीडचे नाव अधिक ऐकू येते, परंतु लातूर-नांदेडच्या डोंगराळ तालुक्यांतूनही माणसे अशीच निघतात आणि सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये.

कॅरॅव्हॅनच्या व्याख्येत हे वाहन कुठे बसते? मोटारघरात इंजिन आणि घर एकजीव असते. कॅरॅव्हॅनमध्ये घर वेगळे आणि ओढणारे वाहन वेगळे. आमचा प्रकार तिसरा. इथे घर मोडून गाडीत घातलेले असते. फडाजवळच्या रानात ते पुन्हा जोडायचे. बांबू टेकवून, त्यावर ताट्या किंवा ताडपत्री टाकून उभी राहते ती कोपी. आत ताठ उभे राहता येते ते फक्त मधोमध. बैलगाडीवाल्यांचे आणखी वेगळे. कारखान्याच्या अंगणात गाड्यांची रांग लागली की गाडीखालीच रात्र जाते, बैल शेजारी वाढे खात उभे. साहित्यशास्त्रात शब्दांची जुळणी शिकवणाऱ्या आम्हांला एका ट्रॉलीत सहा महिन्यांचे घर कोणत्या क्रमाने भरतात हे सांगता येणार नाही. चूल शेवटी भरायची, कारण ती आधी उतरवावी लागते. हे आम्हांला आमच्या विद्यार्थ्यांनी सांगितले.

गेल्या काही वर्षांत आम्ही अशा दोन-तीन तळांवर जाऊन आलो. वीज होती ती दुरून ओढलेल्या तारेची. पाणी शेतमालकाच्या मोटारीवर अवलंबून. शौचाला जायचे तर उसात, आणि तेही उजाडण्यापूर्वी. रात्री मोळ्या भरायला ट्रक आला तर तीही वेळ हातची जाते. न्यूझीलंडमध्ये शौचकूप नसलेल्या गाडीला दाखला मिळत नाही. इथे दोन-तीनशे माणसांच्या वस्तीला तो असावा असे कोणत्या कागदावर लिहिले आहे, हे विचारल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी फक्त उचल देतो. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, पूर्वी साखरशाळा झाल्या. या गोष्टी खोट्या नाहीत. परंतु त्या सगळ्या माणसाची नोंद करतात किंवा त्याचे मूल मागे ठेवून घेतात. जिथे तो सहा महिने राहतो त्या जागेला त्यांत नाव नाही.

येथे कोणी म्हणेल की, हौसेने फिरणारा आणि पोटासाठी फिरणारा यांची तुलनाच अप्रस्तुत आहे. आमच्या विभागातही हा आक्षेप आला. त्यावर आमचे म्हणणे असे की, तुलना आम्ही केलेली नाही, धोरणानेच ती करता येईल अशी सोय ठेवली आहे. चाकांवर रात्र काढणाऱ्या माणसाला काय काय लागते याची यादी शासनाने २०२१ साली स्वतःच तयार केली. जागा, पाणी, वीज, रस्ता, शौचालय. केरळनेही त्याच वर्षी 'केरवान केरळ' नावाने असेच धोरण आणले. म्हणजे ज्ञान नव्हते असे म्हणण्याची वाट बंद झाली. पर्यटन विभागाने कॅरॅव्हॅनसाठी जे तळ योजले, त्यांचा आराखडा फडाशेजारच्या माळावर जसाच्या तसा उतरवता येईल. सोफा काढून टाकावा लागेल इतकेच. आणि पर्यटकाची गाडी आली नाही तर तळ रिकामा राहतो. इथे तळ आधीच भरलेला आहे, दर वर्षी, ठरलेल्या महिन्यात.

हे मराठीच्या शिक्षकांनी का लिहावे, असा प्रश्न उरतो. कारण या घराची भाषा आमच्या ताब्यात आहे आणि ती आम्ही नीट सांभाळलेली नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे, दादासाहेब मोरे यांचे 'गबाळ' १९८३ चे, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ चे, आत्माराम राठोड यांचे 'तांडा' १९८९ चे. गायकवाड तर आमच्याच जिल्ह्यातल्या धनेगावचे. ही पुस्तके अभ्यासक्रमात आली त्याला आता बराच काळ लोटला, आणि आमच्या पिढीने ती वेदना, विद्रोह, नकार या तीन खुंट्यांवर टांगून ठेवली. प्रश्नपत्रिकेत दरवर्षी तेच येते, उत्तरेही तीच. या पुस्तकांच्या शीर्षकांकडे एकदा शब्द म्हणून पाहावे. गबाळ म्हणजे फिरत्या माणसाचे बांधलेले सामान, म्हणजे त्याचे घर. प्रमाण मराठीने त्याचे 'गबाळा' केले आणि अव्यवस्थित माणसाला शिवी म्हणून वापरले. उपरा, भटक्या, बिऱ्हाड यांचेही तेच. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आम्ही बदलीच्या नोकरीतल्या स्नेह्यांविषयी हसत हसत वापरतो. फिरस्त्यासाठी विंचूच का सुचला, हा प्रश्न वर्गात कोणी विचारल्याचे आठवत नाही. मजुराला मुकादमाकडून मिळते ती 'उचल', आणि चोरी करणारा तो 'उचल्या'. एकाच धातूपासून आलेले हे दोन शब्द आमच्या जिल्ह्याचा निम्मा इतिहास सांगतात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाला, तेव्हा फिरणे हाच संशय ठरला होता. परगावी जायला पास लागे आणि पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. तो कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर गेला. भाषेतला संशय मागे राहिला.

आम्हांला स्वतःला घराबाहेर राहण्याचा अनुभव एकदाच आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला त्यानंतर लातुरात आम्ही मुले कित्येक रात्री अंगणात नि रस्त्याकडेला झोपलो. पहिले चार दिवस सहलीसारखे वाटले. नंतर आईच्या पोटात दर संध्याकाळी गोळा येई, तो अंधाराचा नव्हता. रात्री उठून जायचे कुठे, याचा होता. ही आठवण इथे सांगणे थोडे आगाऊपणाचे आहे, हे आम्ही जाणतो. आमचे घर मागे उभे होते.

राहिला त्या विद्यार्थिनीचा विषय. घटक चाचणी भाद्रपदात झाली आणि दिवाळीपूर्वीच ती आई-वडिलांबरोबर गेली. वडिलांबरोबर कोयता धरायला आईला आता जमत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकट्याला अर्धाच, आणि उचल पूर्ण कोयत्याची घेतलेली. विद्यापीठाचा नियम पंचाहत्तर टक्के हजेरीचा. अनुपस्थितांची यादी या महिनाअखेर द्यायची आहे आणि तिचे नाव तीत आहे. आम्ही तिघे आहोत नि आमच्यात एकमत नाही. एकाचे म्हणणे, वैद्यकीय कारणाला सवलत आहे तशी हंगामाला मागावी, पण ती सर्वांसाठी आणि लेखी. एकीसाठी डोळेझाक करणे म्हणजे उपकार, आणि उपकार पुढच्या वर्षी मिळेलच असे नसते. दुसरीला हे पटते, मात्र अर्ज मंजूर होईपर्यंत वर्ष जाईल हेही दिसते. तिसऱ्याने उत्तरपत्रिका काढून 'पाल टाकायची जागा' याखालची लाल रेघ खोडली आणि दोन गुण दिले. त्याने हजेरीत काही फरक पडत नाही. विभाग जो परिभाषासंग्रह करीत आहे त्यात 'कॅरॅव्हॅन पार्क'समोर आम्ही 'तळ' हा शब्द घातला आहे, आणि त्याखाली तिचा.

परवा तिचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता, त्यामुळे दोनदा विचारावे लागले. अंतर्गत परीक्षेची तारीख पुढे गेली का, एवढेच तिला हवे होते. गेली नव्हती. आम्ही तारीख सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी आमचा तळ हलणारय, मॅडम. आदल्या दिवशी घेता येईल का?"